पोळी मऊ आहे का विचारता, लायसन्स कधी विचारणार?

परवा एका बाबांचा फोन आला. मुलगी नऊ महिन्यांची, आईची रजा संपत आलेली, आणि नागपूरहून आलेल्या आजींचा सहा महिन्यांचा मुक्काम पुढच्या महिन्यात संपणार. पहिला प्रश्न, "काकू, जेवण घरचंच ना?" दुसरा, "पोळ्या तुम्ही करता की फ्रोजन?" तिसरा, "मुलांशी मराठी बोलता ना?" मग फी, सुट्ट्या, सकाळी गाडी कुठे लावायची. वीस मिनिटं बोललो. शेवटी मीच म्हटलं, "अहो, माझा लायसन्स नंबर लिहून घ्या." तर म्हणाले, "छे छे काकू, तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय. त्याची काय गरज!"

आई-बाबांनो, आज तुमच्याशी जे बोलायचं आहे ते या "काय गरज"बद्दल. 2017 पासून मी फ्रीमाँटमध्ये माझ्या घरात डेकेअर चालवते. बे एरियातली कितीतरी मराठी बाळं माझ्या हॉलमध्ये पहिलं पाऊल टाकून गेली. या वर्षांत पोळीबद्दल मला शेकडो वेळा विचारलं गेलं असेल. लायसन्सबद्दल विचारणारे आई-बाप एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातले बरेचसे आपले नव्हते. आपल्या माणसांना वाटतं, कागद मागितला म्हणजे काकूंवर अविश्वास दाखवला. काकू दुखावतील. चार लोकांत बोलतील. गणपतीला भेटतील तेव्हा तोंड कसं दाखवायचं?

मी हे हसून सांगत नाही. मी स्वतः आई म्हणून नेमकं हेच केलं आहे.

2011 साल. आम्ही सनीवेलला राहत होतो, मी टेस्टिंगमध्ये नोकरीला, मुलगी चौदा महिन्यांची. देवळात ओळख झालेल्या एका बाईंनी एका ताईंचं नाव सुचवलं. ताई प्रेमळ, घर स्वच्छ, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. मी काहीही विचारलं नाही. पैसे रोख द्यायचे ठरले आणि मुलगी तिथे जाऊ लागली. दोन महिन्यांनी एका दुपारी माझी मीटिंग रद्द झाली आणि मी दोन वाजताच तिला आणायला गेले. दार उघडायला फार वेळ लागला. आत अकरा मुलं होती आणि ताई एकट्या. माझी मुलगी दुसऱ्याच कोणाच्या कार सीटमध्ये झोपली होती, मान पुढे कलंडलेली, हनुवटी छातीला टेकलेली. सोफ्यावर एक तान्हं बाळ पालथं, शेजारी उशी.

काही झालं नाही. मुलगी आज माझ्याहून उंच आहे. त्या ताई वाईट नव्हत्या. अकरा मुलांना दोन हात पुरत नाहीत, एवढंच. मी दुसऱ्या दिवसापासून मुलीला पाठवणं बंद केलं, कारण विचारलं तेव्हा "वेळा जमत नाहीत" म्हणाले आणि गप्प बसले. उरलेल्या दहा मुलांच्या आई-बाबांनाही काही बोलले नाही. ते मात्र मला अजून टोचतं.

पुढे माझी नोकरी गेली आणि मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या आधाराने मिळणाऱ्या व्हिसावर आले. घरी बसलेली बाई दिसली की लोक मूल आणून सोडतात, तसं झालं. एका मैत्रिणीचा मुलगा मी सात महिने सांभाळला आणि पैसे घेतले. तेव्हा मला वाटायचं, एकच तर मूल आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यापुरतं ते खरंही होतं: आपल्या मुलांखेरीज आणखी एकाच कुटुंबातली मुलं सांभाळत असाल तर राज्याचं लायसन्स लागत नाही. पण माझ्या व्हिसावर एक डॉलर कमवायचीही मुभा नव्हती. एका कायद्यात मी बसत होते आणि दुसरा मोडत होते, आणि दोन्हींची मला धड कल्पना नव्हती. 2015 च्या मे महिन्यात एच-फोरच्या काही जणांना, म्हणजे ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला आहे अशांना, कामाचा परवाना मिळू लागला. माझा पुढच्या वर्षी आला, आणि मी लायसन्सच्या कागदांना हात घातला.

लायसन्स म्हणजे फॉर्म भरून फी भरली की मिळणारी पावती असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्या सासूबाईंची गोष्ट ऐका. घरात राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचे बोटांचे ठसे घेऊन पोलिसांकडची नोंद तपासली जाते. मूल मी सांभाळणार, पण ज्या छपराखाली सांभाळणार त्याखालचा प्रत्येक मोठा माणूस राज्याला माहीत हवा. त्या वेळी सासूबाई आमच्याकडे राहायला होत्या, म्हणून त्यांनाही घेऊन गेलो. मशीनने त्यांचे ठसे काही केल्या घेतले नाहीत. तिथल्या मुलीने बोटं पुसली, क्रीम लावलं, पुन्हा दाबली. साठ वर्षं राखेनं आणि नंतर पावडरीनं भांडी घासलेल्या बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "अगं, मी चोर नाही हे कसं सिद्ध करायचं आता?" तीन खेपांनी ते काम झालं.

मग क्षयरोगाची चाचणी. आपल्या सगळ्यांच्या दंडावर लहानपणच्या बीसीजीचा व्रण असतो, त्यामुळे हातावरची टोचणी फुगून येते आणि डॉक्टर छातीचा एक्स-रे काढायला पाठवतात. नवऱ्याचाही निघाला, माझाही. पुढे लहान मुलांचं सीपीआर आणि प्रथमोपचार, जे दर दोन वर्षांनी पुन्हा शिकावे लागतात. गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लशी. मुलाला कोणी मारहाण करतंय किंवा उपाशी ठेवतंय असा संशय आला तर मला ते कळवावंच लागतं, त्याचंही प्रशिक्षण. घरामागे पोहण्याचा तलाव असेल तर पाच फुटांचं कुंपण. औषधं, साबण, सुऱ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी. आणि हे सगळं जागेवर आहे ना हे बघायला राज्याच्या समाजसेवा विभागाचा माणूस न सांगता येऊ शकतो. तो दारात उभा राहतो तेव्हा कढईत फोडणी असली तरी गॅस बंद करून दार उघडायचं.

यातली एक गोष्ट मात्र मी सविस्तर सांगणार आहे, कारण तिच्यावरून आपल्या आज्यांशी माझं सर्वांत जास्त वाजतं. ती म्हणजे झोप.

नियम असा: वर्षाच्या आतलं बाळ पाठीवरच झोपवायचं. क्रिबमध्ये घट्ट बसणारी चादर आणि बाळ, बाकी काही नाही. उशी नाही, पांघरूण नाही, टेडी नाही. दुपट्यात गुंडाळायचं नाही. कार सीटमध्ये, झोपाळ्यात झोपू द्यायचं नाही; झोप लागलीच तर उचलून क्रिबमध्ये ठेवायचं. आणि दर पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन बघायचं, श्वास, रंग, अंग गरम तर नाही ना, आणि वेळ टाकून लिहून ठेवायचं. एका आजींनी डोक्याला गोल आकार यावा म्हणून पुण्याहून मोहरीची उशी आणली होती. मी ती परत दिली. त्या म्हणाल्या, "आम्ही पाच मुलं वाढवली." मी म्हटलं, "आजी, तुमच्याकडे पाच मुलं आणि घरात सात मोठी माणसं होती. माझ्याकडे उलटं आहे." दुसऱ्या एका आजींनी विचारलं, "पाळणा कुठंय?" पाळणाघरात पाळणाच चालत नाही हे त्यांना पटवताना मलाच हसू आलं. मधाच्या बोटाचीही हीच गोष्ट. वर्षाच्या आतल्या बाळाला मध इथे चालत नाही, कारण मधातून येणारे बोट्युलिझमचे जंतू तान्ह्याच्या आतड्यात तग धरू शकतात. तुमच्या घरी तुम्ही काय करता ते मी विचारत नाही. माझ्या घरी होणार नाही.

आता आकडे. फी कुठून येते ते याच्यावरून कळेल, म्हणून जरा लक्ष द्या. छोट्या लायसन्सवर सहा मुलं ठेवता येतात, त्यात दोन वर्षांखालची तीनच. सगळी तान्हीच ठेवायची तर चार. मोठ्या लायसन्सवर, हाताशी सहायक असेल तर बारा, आणि तरीही तान्ही चारच. शाळेत जाणारी थोडी मोठी मुलं असतील तर सहाचे आठ आणि बाराचे चौदा होतात, पण मग तान्ह्यांची संख्या आणखी घटते. बाईंची स्वतःची दहा वर्षांखालची मुलंही यातच मोजायची. हे आकडे एखाद्या बाबूच्या लहरीने आलेले आहेत असं मला सुरुवातीला वाटायचं. मग एकदा आगीची ड्रिल केली. भोंगा वाजवला आणि घड्याळ लावलं. चालणारी मुलं दोरीला धरून निघाली. तान्ही कोण उचलणार? एका काखेत एक, दुसऱ्या काखेत एक. माझी सहायक, जी मेक्सिकोची आहे आणि जिला "भूक लागली", "शी झाली" आणि "नको रडू" एवढं मराठी उत्तम येतं, तिच्या दोन काखांत दोन. झाले चार. पाचवं आत राहिलं असतं.

म्हणून तान्ह्यांची फी जास्त असते. माझ्या घरात जागा बाराजणांची असली तरी तान्ह्यांच्या जागा चार, आणि त्या चार जागांवर दोन माणसांचा बराचसा दिवस जातो. पूर्वी हा हिशेब चार वर्षांच्या मुलांच्या जोरावर बसायचा. ती स्वतः जेवतात, स्वतः शी-शूला जातात, धाकट्यांना गोष्टी सांगतात. पण आता कॅलिफोर्नियात 2025-26 पासून सगळ्याच चार वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेच्या ट्रान्झिशनल किंडरगार्टनमध्ये फुकट जागा आहे. तुमच्यासाठी ही चांगलीच बातमी आहे, माझ्या भाचरांनाही तिचा फायदा झाला. माझ्या वहीत मात्र तिथे भोक पडलं. फी वाढली की "काकू पण आता कमर्शियल झाल्या" असं बोललं जातं, ते माझ्या कानावर येतं बरं का.

पैशांकडे आलोच आहोत तर एक प्रसंग सांगते. गेल्या वर्षी एका बाबांनी घर बघता बघता आवाज खाली करून विचारलं, "काकू, तुमच्याकडे ती... सरकारी पैशांवरची मुलंही येतात का?" येतात. दोन आहेत. ज्यांचं उत्पन्न राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या 85 टक्क्यांच्या आत आहे आणि जे नोकरी करतात किंवा शिकतात, त्यांना मूल सांभाळण्यासाठी मदत मिळू शकते. पैसे राज्याने नेमलेल्या एजन्सीकडून थेट माझ्याकडे येतात आणि जागा आई-बाप निवडतात. मोठं सेंटर हवं तर सेंटर, घरगुती डेकेअर हवं तर माझ्यासारखीचं घर. त्या दोन मुलांपैकी एकाची आई आपल्यातलीच आहे. कोण ते मी सांगणार नाही, आणि तुम्ही ओळखायचा प्रयत्नही करू नका. एवढंच सांगते की तिच्यावर जी वेळ आली ती कोणाच्याही घरात येऊ शकते, आणि त्या वेळी तिला मूल ठेवायला लायसन्स असलेलं, मराठी बोलणारं घर मिळालं म्हणून ती नोकरीवर टिकली.

त्या बाबांना मी विचारलं, "तुम्ही डिपेंडंट केअरच्या खात्यात पैसे टाकता ना?" टाकत होते. पगारातून करमुक्त बाजूला ठेवायचे ते पैसे. कित्येक दशकं त्याची मर्यादा वर्षाला 5,000 डॉलर होती, 2026 पासून 7,500 आहे. शिवाय कर भरताना मुलाच्या देखभालीच्या खर्चावर सूट असते, फक्त या खात्यात टाकलेले पैसे त्यातून वजा होतात. म्हणजे सरकार तुमच्याही मुलासाठी पैसे सोडतंच. त्या आईच्या पैशाला मदत म्हणायचं आणि तुमच्या पैशाला बेनिफिट, हा नुसता शब्दांचा फरक. बाबा हसले. मुलगा अजून माझ्याकडे आहे आणि त्या दोघांबरोबर एकाच ताटाभोवती वरण-भात खातो.

वरण-भातालाही सरकारी पैसा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक आहार कार्यक्रम आहे. लायसन्स असलेल्या घरगुती डेकेअरला त्यातून रोजची दोन जेवणं आणि एक खाऊ यांचे काही पैसे परत मिळतात. त्यासाठी मला महिन्याचा मेनू आणि रोजची हजेरी लिहावी लागते, आणि त्यांची बाई वर्षातून तीनदा येते, बहुतेकदा न सांगता. पहिल्या वेळी तिला पोळी म्हणजे काय ते समजावलं, गव्हाच्या पिठाची पिशवी दाखवली. पोळी धान्यात बसली. दही, राजमा, हरभरे प्रथिनांत बसले. वरणावर मात्र वाद झाला. डाळ प्रथिनांत मोजता येते किंवा भाजीत मोजता येते, पण एकाच ताटात दोन्हीकडे नाही. म्हणून माझ्याकडे वरण असलं तरी वेगळी भाजी असतेच. तुम्ही ज्या घरच्या जेवणाची चौकशी करता, ते ताट चौरस आहे की नाही हे बघणारी एक बाई वॉशिंग्टनच्या पैशाने येते. ज्या ताईंकडे लायसन्स नाही, त्यांच्या ताटाकडे बघायला कोणी येत नाही.

सरकारने घरातल्या बाळांसाठी पैसे का द्यावेत, असं विचारणारे इथे भरपूर आहेत, आपल्यातही आहेत. त्यांना एक जुनी गोष्ट सांगते. आमच्या फ्रीमाँटहून उत्तरेला रिचमंड आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कैसर कंपनीच्या गोद्यांमध्ये जहाजं बांधायला हजारो बायका लागल्या, तेव्हा 1943 मध्ये त्यांच्या मुलांसाठी संघ सरकारच्या पैशाने बालकेंद्र उभं राहिलं. युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनने हात आखडता घेतला. कॅलिफोर्नियाने मात्र आपली केंद्रं चालू ठेवली. पुढे 1971 मध्ये सगळ्या देशासाठी बालसंगोपनाची व्यवस्था करणारं विधेयक काँग्रेसने मंजूर केलं आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ते नाकारलं. राज्यांना त्यासाठी खास निधी मिळू लागला तो 1990 च्या कायद्याने. बायकांची गरज पडली की तिजोरी उघडते, गरज संपली की मूल हा आईचा खासगी प्रश्न होतो, हे मला या इतिहासातून दिसतं. आपल्याकडेही काही वेगळं नाही. माझी बहीण कोथरूडला एका काकूंकडे मुलाला ठेवत होती, वर्षानुवर्षं, आणि त्या काकूंना कुठलाही परवाना कोणी विचारला नाही. भारतात 2017 पासून 50 किंवा त्याहून जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, 2022 पासून अंगणवाडीला जोडून पाळणाघरं काढण्याची केंद्राची 'पालना' योजना आहे, पण घरात चार मुलं सांभाळणाऱ्या काकू या सगळ्याच्या बाहेरच राहतात. 2016 च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचं चित्रण आपण सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा मी माझे कागद भरत होते. त्यानंतर सगळे कॅमेऱ्याबद्दल बोलू लागले. कॅमेरा झालेलं दाखवतो. एका बाईकडे किती मुलं आहेत हे कोणी आधी मोजलं असतं का, हा प्रश्न मला कॅमेऱ्याहून मोठा वाटतो.

आता नाजूक भाग. आपल्या गटांत रोज कोणीतरी विचारतं, "घरी मुलं सांभाळणारी कोणी आहे का, देसी जेवण, कॅश चालेल." आणि उत्तरं येतात. त्या बायकांना मी ओळखते, कारण मी त्यांच्यातली एक होते. इंजिनिअर, शिक्षिका, एक तर दंतवैद्य. व्हिसाने हात बांधलेले, घरात बसून बसून जीव विटलेला. त्यांना मी गुन्हेगार म्हणणार नाही. पण तुम्ही तिथे मूल ठेवता तेव्हा काय होतं ते डोळे उघडे ठेवून बघा. तिला पावती देता येत नाही, म्हणून तुम्हाला करात सूट घेता येत नाही; सूट मागताना सांभाळणाऱ्याचा कर क्रमांक लिहावा लागतो. तुमच्या मुलाला काही झालं तर ती रुग्णवाहिका बोलवायलाही दोनदा विचार करेल, कारण पाठोपाठ प्रश्न येणार. तो दोनदा विचार करण्यातला वेळ तुमच्या बाळाचा असतो. फिरायला आलेल्या कोणाच्या आईकडे आणखी दोघांची मुलं पैसे घेऊन ठेवणंही तसंच. आजीने स्वतःचं नातवंड सांभाळणं वेगळं आणि शेजाऱ्याचं पगारावर सांभाळणं वेगळं.

आणि तुमची तशी एखादी मैत्रीण असेल, जिच्या हाती कामाचा परवाना आहे पण कागदांची भीती वाटते, तर तिला माझ्याकडे पाठवा. भाड्याच्या घरात आहे म्हणून घाबरू नकोस, म्हणावं. 30 दिवस आधी लेखी कळवलं की घरमालकाला नाही म्हणता येत नाही. सोसायटीला अडवता येत नाही. 2020 पासून मोठ्या लायसन्सलाही राहत्या घराचाच वापर मानतात, शहर वेगळी बिझनेस फी घेऊ शकत नाही. मी 2021 मध्ये मोठं लायसन्स घेतलं तेव्हा आमच्या सोसायटीचं कडक पत्र आलं होतं. मी कायद्याच्या कलमाची एक प्रत जोडून उत्तर दिलं, पुन्हा पत्र आलं नाही. सरकारी मदतीवरची मुलं घेणाऱ्या आम्हा घरगुती डेकेअरवाल्यांची आता युनियनही आहे. 2019 च्या कायद्याने आम्हाला सरकारशी दराची वाटाघाटी करायचा हक्क मिळाला. मी युनियनची सभासद झाले हे सासरे ऐकून खूश झाले, ते गिरणी कामगारांच्या लालबागचे. नवरा अजून हसतो.

लायसन्स म्हणजे हमी नव्हे, हेही सांगायलाच हवं, नाहीतर मी माझीच जाहिरात केल्यासारखं होईल. लायसन्स असलेल्या घरांतही वाईट घडलेलं आहे. तुम्ही राज्याच्या संकेतस्थळावर घराचा लायसन्स नंबर टाका, कधी तपासणी झाली आणि काय चुकलं ते दिसतं. चुका दोन प्रकारच्या लिहितात. ए प्रकार म्हणजे मुलाला थेट धोका. तो मिळाला तर बाईंनी त्याची प्रत आई-बापांना देऊन सही घ्यावी लागते. बी प्रकार म्हणजे पुढे धोका होऊ शकेल असं काही. माझ्या नावावर एक बी आहे. सहा महिन्यांची ड्रिल केली होती, वहीत तारीख लिहिली नव्हती. तुम्ही विचारलंत तर सांगेन, विचारलं नाहीत तरी तिथे लिहिलेलंच आहे. माझं मत विचाराल तर आठ वर्षांत एक-दोन बी असलेल्या घरापेक्षा कोऱ्या पानाच्या दोन महिन्यांच्या घरात मी जास्त वेळ उभी राहून बघेन. कोऱ्या पानावर अजून कोणी काही लिहिलेलं नसतं, इतकाच त्याचा अर्थ.

आणखी एक कागद. प्रवेशाच्या दिवशी मी पंधरा पानं पुढे ठेवते, तुम्ही एका हातात बाळ धरून सह्या करत सुटता. त्यात काही घरांत एक पान असतं: "या डेकेअरकडे अपघाताचा विमा नाही हे मला माहीत आहे." विमा नसला तरी चालतो, पण तुमची ही सही लागते. घराचा साधा विमा तिथे कामी येईल असं धरून चालू नका. सही करण्याआधी ते पान वाचा. माझ्याकडे विमा आहे, म्हणून ते पान माझ्या गठ्ठ्यात नाही. नसलं तर का नाही, तेही विचारा.

तुमचा एक हक्क तुम्ही वापरतच नाही, तोही सांगते. मुलं घरात असतील त्या कुठल्याही वेळी, न कळवता, आत येऊन बघायचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. इन्स्पेक्टर वर्षातून एखाद्या वेळी येणार, तुम्ही रोज दोनदा येता. एखाद्या दिवशी तीनदा या. दुपारी दीड वाजता या, झोपेच्या वेळी. किती क्रिब आहेत मोजा, किती मोठी माणसं आहेत मोजा, झोपेची वही मागा. मी कपाळाला आठी घातली तर मूल उचलून घेऊन जा, माझ्याकडे ठेवू नका. कुठे काही खटकलं आणि मनात राहिलं, तर गप्प बसू नका; प्रत्येक काउंटीत पालकांना फुकट सल्ला देणारी, जागा शोधून देणारी संस्था आहे, आणि तक्रारही करता येते. मी 2011 मध्ये गप्प बसले होते, आणि माझ्यासारख्या सगळ्या गप्प बसलो म्हणूनच त्या अकरांचे पुढे किती झाले असतील ते मला माहीत नाही.

नऊ महिन्यांच्या मुलीचे ते बाबा रविवारी घर बघायला येणार आहेत, आजींना घेऊन. मी पोळ्या करून ठेवीन, आजींना मऊ पोळी दाखवायलाच हवी. माझं लायसन्स दाराच्या आत, चपलांच्या स्टँडच्या वर लावलेलं आहे. वाकून चपला काढून उठलात की बरोबर डोळ्यांसमोर येतं.